लाल दिसलं की जाडी वाढवा

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘काय रे, फायनाइट एलिमेंट येतं का?’ तो ‘येतं सर’ म्हणेल आणि लॅपटॉप उघडेल. पडद्यावर एक ब्रॅकेट. कडेला निळं, मध्ये हिरवं, कोपऱ्यात लाल.

‘हे लाल म्हणजे काय?’

‘तिथे स्ट्रेस जास्त आहे, सर.’

‘मग काय केलंस?’

‘जाडी वाढवली.’

‘मग?’

‘लाल गेलं.’

झालं. विषय आला, प्रोजेक्ट झाला, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटली. बल किती लावलं होतं, ब्रॅकेट कुठे धरला होता, मेश, म्हणजे भागाचे तुकडे पाडणारी जाळी, दुप्पट बारीक केली असती तर उत्तर बदललं असतं का, असले आगाऊ प्रश्न तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही. परीक्षकांनाही पुढच्या कॉलेजात जायचं असतं.

या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दोन गुरू लाभले आणि दोघांनी मिळून त्याला मधोमध सोडून दिलं.

पहिला गुरू कॉलेज. तिथे ‘स्टेप्ड बार’ नावाचं दैवत आहे. दोन जाडीची एक कांब, एक टोक भिंतीत पक्कं, दुसऱ्या टोकाला बल. दोन एलिमेंट म्हणजे तुकडे, तीन नोड म्हणजे त्यांच्या टोकांचे बिंदू. प्रत्येक एलिमेंटचा ‘एई भागिले एल’ काढा, छोट्या मॅट्रिक्स एकमेकींत बसवून मोठी मॅट्रिक्स करा, भिंतीतल्या नोडची ओळ आणि स्तंभ खोडा, उरलेलं सोडवा. दहा मार्क. या कांबेचं उत्तर ‘पीएल भागिले एई’ या सूत्राने दोन ओळींत येतं आणि ते सूत्र पोराने दुसऱ्याच वर्षी शिकलेलं असतं. म्हणजे नवी पद्धत जुन्या उत्तराशी ताडून पाहायची आयती संधी. पण ताडून पाहायला मार्क नाहीत, त्यामुळे ताडून पाहणारा मूर्ख ठरतो. पुस्तकांची वानवा आहे असंही नाही. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या पी. शेषूंचं आहे, चंद्रुपटला आणि बेलेगुंडू यांचं आहे. ती उघडली जातात, पण मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जितक्या उघडल्या जातात तितकी नाहीत.

दुसरा गुरू क्लास. पुण्यात याची पाटी दिसल्याशिवाय सिग्नल सुटत नाही. काही महिन्यांत सीएई इंजिनिअर, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. इथे मॅट्रिक्सचं नावही निघत नाही. भूमिती इम्पोर्ट करा, पातळ पत्र्याची मिडसरफेस काढा, चौकोनी मेश पाडा, त्रिकोण पाच टक्क्यांच्या आत ठेवा, वॉर्पेज तपासा, जॅकोबियन ०.६ च्या वर राहू द्या. जॅकोबियन म्हणजे काय? ‘सर, ते कमी झालं की एलिमेंट फेल दाखवतं.’ उत्तर चूक नाही. गाडीचं पेट्रोल संपलं की दिवा लागतो, एवढंच इंजिनाबद्दल ठाऊक असलेला माणूसही चूक बोलत नसतो. फक्त त्याला मेकॅनिक म्हणू नये.

मग मुलाखत. शेल एलिमेंटच्या नोडला डिग्री ऑफ फ्रीडम किती? सहा. सॉलिडच्या? तीन. आरबीई-टू आणि आरबीई-थ्री यांत फरक काय? टू कडक, थ्री सरासरी वाटतो. प्रश्न पाठ, उत्तरं पाठ. मुलाखत घेणाराही चार वर्षांपूर्वी याच यादीतून पास होऊन खुर्चीवर बसलेला. दोघंही एकमेकांवर खूश. ऑफर लेटर.

आता मूळ गोष्टीकडे पाहू. या पद्धतीचा जन्म रंगीत चित्रांसाठी झाला नाही. तेव्हा रंगीत पडदेच नव्हते. १९४३ साली रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने पोकळ चौकोनी दांड्याला पीळ दिला तर काय होईल, ते त्रिकोणांच्या जाळीवर सोपी फलनं बसवून काढून दाखवलं. इंजिनिअरांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हाताने ती गणितं करत बसायला वेळ कुणाला होता? मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमध्ये डेल्टा आकाराच्या पंखांचा प्रश्न आला. पंख किती लवचीक आहे हे कळल्याशिवाय तो वाऱ्यात फडफडेल की नाही हे कळत नाही, आणि नेहमीच्या तुळईच्या हिशेबाने काढलेली उत्तरं प्रतिकृतीवरच्या मोजमापांशी जुळेनात. जॉन टर्नरच्या गटात उन्हाळी सुट्टीत काम करायला बर्कलीहून रे क्लफ हे प्राध्यापक आले होते. पंखाचा पत्रा त्रिकोणी तुकड्यांत पाडायचा, एकेका तुकड्याचा ताठपणा काढायचा आणि सगळे जोडायचे, या वाटेने ते गेले. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा लेख १९५६ साली छापून आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं.

यातली ‘जुळेनात’ ही भानगड नीट पाहा. या पद्धतीच्या जनकांसमोर आधी मोजलेलं उत्तर होतं. हिशेब त्याच्याशी जुळला नाही म्हणून त्यांनी हिशेब बदलला. आपल्याकडे क्रम थोडा सुधारलेला आहे. आधी चित्र काढतात, मग रिपोर्ट लिहितात, आणि मोजायची वेळ वॉरंटी क्लेम आल्यावर येते.

सॉफ्टवेअरचा एक मोठा गुण आहे, तो म्हणजे त्याचा विनयशील स्वभाव. तुम्ही काहीही विचारा, ते उत्तर देतं. चूक प्रश्नालाही देतं आणि तेही सहा दशांशांपर्यंत. चूक उत्तराच्या खाली लाज वाटल्याची खूण नसते.

एक साधी गोष्ट करून पाहा. पोलादाची कांब घ्या, १०० मिलिमीटर लांब, छेद १० बाय १०. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलोचं ओझं. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस दोन लाख मेगापास्कल. शाळकरी सूत्राने टोक ०.२ मिलिमीटर खाली येतं आणि मुळाशी ताण ६० मेगापास्कल. कागदावर दोन मिनिटांचं काम. आता हीच कांब सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि उंचीत साध्या त्रिकोणांचा एकच थर ठेवा. टोक निम्मंसुद्धा खाली येत नाही. कांब आपोआप कणखर झाली! कारण साधं आहे. वाकताना कांबेच्या वरच्या बाजूला ओढ असते आणि खालच्या बाजूला दाब. साध्या त्रिकोणात सगळीकडे विकृती एकसारखी धरलेली असते. एकाच थरात वर ओढ आणि खाली दाब दाखवायची सोयच त्याच्याकडे नाही, म्हणून तो अडून बसतो. थर वाढवा किंवा मधल्या नोडचा वरच्या दर्जाचा एलिमेंट वापरा, उत्तर ताळ्यावर येतं. सॉफ्टवेअरने यात खोटं काही केलं नाही. ज्याने ०.२ हा आकडा आधी कागदावर लिहिला नाही, त्याला मात्र आपण फसलो हेही कळणार नाही.

याहून रंजक प्रकार कोपऱ्यांचा. खऱ्या सुट्या भागाला आतल्या कोपऱ्यात गोलाई असते, कारखान्यात तिला फिलेट म्हणतात. ती तिथे ताण पसरावा म्हणून दिलेली असते. मेश करणाऱ्याला ती आवडत नाही. तिच्यापायी बारीक एलिमेंट लागतात, मॉडेल जड होतं, क्वालिटी रिपोर्ट बिघडतो. म्हणून ‘भूमिती साफ करताना’ फिलेट पुसून टाकतात. आता उरला काटकोनी कोपरा. तिथे गणिताप्रमाणे ताण अमर्याद असतो. मेश जितकी बारीक कराल तितका आकडा चढत जाईल, कधीही थांबणार नाही. मग वरिष्ठ विचारतात, ‘हे लाल काय आहे?’ तेव्हा मान ताठ करून सांगायचं, ‘सर, ती सिंग्युलॅरिटी आहे, दुर्लक्ष करा.’ म्हणजे फिलेट आपणच काढला, त्यापायी आलेला ताण गणिताच्या नावावर खपवला, आणि प्रत्यक्षात तो भाग जिथून तडकेल त्याच जागेवर लिहिलं ‘दुर्लक्ष करा’. इतका निर्दोष गुन्हा रहस्यकथेतही सापडायचा नाही.

खरी सिंग्युलॅरिटी आणि खरा ताण यांत फरक करणारी कसोटी फार जुनी आहे. ओढलेल्या रुंद पट्टीत छोटं गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो, हे किर्श याने १८९८ मध्येच सांगून ठेवलंय. जाड मेशमध्ये तो दोन-सव्वादोन पट दिसेल. मेश बारीक करत जा, आकडा तीनजवळ येऊन स्थिरावेल. स्थिरावला तर तो पट्टीचा ताण, चढतच राहिला तर तो तुमच्या मॉडेलचा. ही कसोटी करायला दोनतीनदा मेश पाडावी लागते. ‘पण सर, डिलिव्हरी आज आहे.’

एककांचंही तसंच. सॉल्व्हरला मिलिमीटर, किलो, टन काहीही कळत नाही. त्याला आकडे कळतात. मिलिमीटर आणि न्यूटन घेतले तर वस्तुमान टनात येतं, आणि पोलादाची घनता दशांशचिन्हापुढे आठ शून्यं आणि मग ७८५ अशी लिहावी लागते. तिथे कुणी सवयीने किलोचा आकडा घातला की पोलाद हजारपट जड होतं आणि कंपनाची वारंवारता सुमारे ३२ पटीने खाली येते. १६० हर्ट्झचा ब्रॅकेट पाच हर्ट्झला डुलायला लागतो. पाच हर्ट्झचा ब्रॅकेट! गाडी सुरू करायची गरज नाही, शेजारी खोकला तरी हलेल. पण ‘सॉफ्टवेअरने सांगितलंय’ म्हटलं की मीटिंगमध्ये जाडी वाढवायचा ठराव होतो.

सॉल्व्हर ‘नाही’ म्हणतो तो एकाच ठिकाणी. भाग कुठेच नीट धरलेला नसेल, तर मॅट्रिक्स सुटत नाही आणि एरर येते. सबंध प्रक्रियेतला हा एकमेव प्रामाणिक क्षण. त्यावर आमचा उपाय ठरलेला आहे. एरर जाईपर्यंत सापडेल तो नोड पक्का करत जायचं. चार बोल्टवर लटकणारा ब्रॅकेट शेवटी अख्ख्या पाठीने भिंतीत चिणला जातो. एरर गेली, ताण कमी झाला, वजन वाचवायची सूचनाही करून टाकली. बढती.

आणि एवढं करूनही लाल उरलंच तर? घाबरू नका. रंगांची पट्टी आपल्याच हातात असते. तिची वरची मर्यादा २५० वरून ४०० केली की लालाचा पिवळा होतो, पिवळ्याचा हिरवा. ताण तोच, चेहरा प्रसन्न. शेजारच्या दोन एलिमेंटमध्ये ताणाचा आकडा उडी मारत असेल तर ‘ॲव्हरेज’ करा, उडी गुळगुळीत होते. त्या उडीवरूनच आपण किती चुकतोय याचा अंदाज घेता येतो, हे झिएन्किएविच आणि झू या जोडीने १९८७ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यांनी चुकीची खूण म्हणून जी उडी वाचायला शिकवली, ती आम्ही सादरीकरणाच्या सौंदर्याला बाधा येते म्हणून पुसतो.

‘अहो, एवढ्याने काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांसाठी नॉर्वेची गोष्ट. २३ ऑगस्ट १९९१. स्टॅव्हॅन्गरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात खोल उतरवून तपासत होते. पाया म्हणजे २४ अजस्र काँक्रीटच्या नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या. तीन नळ्या भेटतात तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते. एका पोकळीची भिंत फुटली, पाणी आत घुसलं, पंपांना आवरेना, आणि सगळी रचना फ्योर्डच्या तळाला गेली. ती आपटली तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही. आर्थिक नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत काय निघालं? पायाचा हिशेब नॅस्ट्रान या नावाजलेल्या प्रोग्रॅमवर झाला होता. त्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतीजवळ मेश जाडीभरडी आणि वेडीवाकडी होती, आणि तिथला कातर-ताण ४७ टक्के कमी दाखवला गेला. म्हणून भिंत पातळ ठेवली गेली, आतलं सळईकामही तोकडं पडलं. अपघातानंतर काळजीपूर्वक पुन्हा हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे पद्धत उत्तम चालते, नीट विचारलं तर तीन मीटरच्या फरकाने खरं सांगते. फक्त बुडाल्यानंतर विचारू नये. नव्या पायाचा आराखडा करताना तिथल्या इंजिनिअरांनी संगणकाची उत्तरं पुन्हा विश्वासाची ठरेपर्यंत हातहिशेबाच्या, स्लाइड रूलच्या जमान्यातल्या पद्धतींनी सुरुवात केली. आमच्याकडे असं कुणी सुचवलं तर त्याला आधी ‘अपस्किल’ करायला पाठवतील.

जिथे नॉर्वेची अनुभवी माणसं चुकली, तिथे तीन महिन्यांच्या क्लासवर पोर सोडणाऱ्या धंद्याने थोडं दबून वागावं की नाही? पण धंद्याचं गणित वेगळं आहे. हिंजवडीत बसून परदेशी गाड्यांच्या बॉनेटची, दरवाज्यांची, सीटच्या सांगाड्यांची मेश पाडून देणं हा पुण्याचा मोठा व्यवसाय आहे. मेशचे तास मोजता येतात, त्यांचं बिल लावता येतं. किती एलिमेंट झाले, किती फेल होते, किती सुधारले, सगळं एक्सेलमध्ये बसतं. ‘हे उत्तर मला पटत नाही’ असं म्हणून कुणी अर्धा दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसला, तर तो अर्धा दिवस टाइमशीटच्या कुठल्या रकान्यात लिहायचा? शंकेसाठी प्रोजेक्ट कोड नसतो. ज्याचा कोड नाही ते काम होत नाही, आणि जे काम होत नाही ते कुणी शिकवत नाही. कॉलेज आणि क्लास उगाच बदनाम आहेत. ते बाजाराला हवा तोच माल देतात.

खरं तर हे चांगलं जाणणारी माणसंही याच इमारतींत असतात. पिकल्या केसांचा एखादा ज्येष्ठ निकाल उघडला की रंगांकडे बघतच नाही. आधी तो आकार हलवून पाहतो, भाग वाकायला हवा तिकडेच वाकतोय ना? मग आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज करतो, लावलेल्या बलाएवढी येते ना? मग सरासरी न काढलेला ताण बघतो. मग मेश बारीक करून पुन्हा चालवायला सांगतो. शेवटी रंग. हे सगळं पाच मिनिटांचं काम, आणि यातलं काहीही सॉफ्टवेअरच्या परवान्याबरोबर येत नाही. पण त्याच्या या पाच मिनिटांचं प्रमाणपत्र कुणी देत नाही, म्हणून पोरं त्याच्याकडे न बसता पुढच्या ऑनलाइन कोर्सला पैसे भरतात. आता तर ब्रॅकेटचं वर्णन टाइप केलं की आपोआप मेश करून निकाल सांगणारी साधनंही येऊ घातलीत. म्हणजे प्रश्न विचारायचे उरलेसुरले कष्टही वाचतील.

विद्यापीठाला एक सूचना फुकट देतो. स्टेप्ड बारला मानाने निवृत्त करा. त्याऐवजी पेपरात एक सुबक, रंगीत, गुळगुळीत निकाल छापा, ज्यात आधार चुकलाय, एकक चुकलंय आणि फिलेट गायब आहे. खाली एकच प्रश्न लिहा: हे उत्तर चूक का आहे? दहा मार्क. पोरं पहिल्या वर्षी आपटतील, दुसऱ्या वर्षी सुधारतील. अडचण एकच आहे. मॉडेल आन्सर कोण लिहिणार, यावर बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक तीनदा तहकूब होईल.